आधी कागदावर, मग कॅमेऱ्यात

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत अलीकडे एक नवी गोष्ट दिसू लागली आहे. पूर्वी टेबलांवर ज्वालामुखीची प्रतिकृती, पवनचक्की, नाहीतर गढूळ पाणी गाळण्याचे साधन मांडलेले असे. आता त्यांच्या शेजारी एखादा संगणक असतो आणि त्यावर विद्यार्थ्यांनी स्वतः घेतलेला चार-पाच मिनिटांचा माहितीपट चालू असतो. घरोघरी मोबाइल आल्यामुळे कॅमेरा ही काही दुर्मीळ वस्तू राहिलेली नाही. मुलांनी चित्रपटाच्या माध्यमातून विज्ञान सांगावे ही गोष्ट निःसंशय चांगली आहे.

पण ह्यांतील बरेच माहितीपट एकाच साच्यातून काढल्यासारखे वाटतात. आरंभी सूर्योदय, मग रस्त्यावरची गर्दी, मग कचऱ्याचा ढीग, पाठीमागे करुण संगीत आणि अखेरपर्यंत न थांबणारे निवेदन. निवेदन बंद करून नुसती चित्रे पाहिली, तर काय सिद्ध करायचे होते ते कळतच नाही. ह्याचे कारण असे, की कॅमेरा आधी उचलला गेला आणि विचार नंतर झाला. जे जे सापडले ते टिपले आणि मग त्याला शब्दांचे ठिगळ लावले.

ह्यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. कागद, पेन्सिल व खोडरबर! किंबहुना खोडरबर नसलेले बरे. का, ते पुढे येईल. माझे मत असे आहे, की माहितीपटातल्या मुख्य प्रसंगाचा स्टोरीबोर्ड काढून झाल्याशिवाय शाळेने विद्यार्थ्यांना चित्रीकरण करू देऊ नये, आणि त्या स्टोरीबोर्डाला तयार चित्रपटाइतकेच गुण द्यावेत.

स्टोरीबोर्ड म्हणजे काय?

पडद्यावर जे जसे दिसणार आहे, ते आधी लहान लहान चौकटींत क्रमाने काढून ठेवायचे, ह्याला स्टोरीबोर्ड म्हणतात. एक चौकट म्हणजे एक शॉट. प्रत्येक चौकटीखाली चार गोष्टी लिहायच्या: काय दिसते, काय ऐकू येते, कॅमेरा कोठे आहे, आणि शॉट किती सेकंदांचा आहे. अमेरिकेत वॉल्ट डिस्ने ह्यांच्या स्टुडिओत १९३० नंतरच्या काही वर्षांत ही पद्धत रूढ झाली. तेथे प्रत्येक चित्र वेगळ्या कागदावर काढून टाचणीने फळ्यावर लावत. क्रम बदलावासा वाटला, तर टाचणी काढायची व चित्र दुसरीकडे लावायचे. फळ्यावर मांडलेली गोष्ट, म्हणून स्टोरीबोर्ड.

आधी चित्र आणि मग चित्रपट ही चाल आपल्याकडेही जुनी आहे. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नावाप्रमाणेच चित्रकार होते. ‘सावकारी पाश’ (१९२५) सारखे मूकपट काढणारे बाबूराव पात्रे, त्यांचे वेश व त्यांच्या हालचाली ह्यांची रेखाटने आधी करत. बंगालमध्ये सत्यजित राय ह्यांनी ‘पथेर पांचाली’ (१९५५) ह्या चित्रपटासाठी रूढ पटकथेऐवजी चित्रांनी भरलेली वहीच तयार केली होती. ते व्यवसायाने जाहिरातींचे चित्रकार होते.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना मात्र सर्वांत जवळचे वाटावेत ते दादासाहेब फाळके. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या फाळक्यांनी काही काळ पुरातत्त्व खात्यात आरेखकाचे काम केले होते. १९१२ साली ते इंग्लंडहून कॅमेरा घेऊन आले. भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी एक छोटी फिल्म घेतली. तिचा विषय होता कुंडीत पेरलेल्या वाटाण्याची वाढ. कॅमेरा एकाच जागी ठेवायचा, मधूनमधून एकेक चित्र घ्यायचे, आणि मग सगळी चित्रे वेगाने दाखवायची, की अंकुर डोळ्यांदेखत वाढतो! एका अर्थी भारतीय चित्रपटाचा आरंभ वनस्पतिशास्त्राच्या एका प्रयोगाने झाला आहे.

अशी फिल्म आधी गणित केल्याशिवाय घेता येत नाही. समजा, तीस दिवसांची वाढ दहा सेकंदांत दाखवायची आहे. मूकपटाच्या काळी सेकंदाला साधारण १६ चित्रे दाखवत. म्हणजे एकूण १६० चित्रे हवीत. तीस दिवसांचे तास झाले ७२०. ७२० भागिले १६० म्हणजे साडेचार. दर साडेचार तासांनी एक चित्र घ्यावे लागेल. मग रात्रीचे काय? दिवा लावावा लागेल का? दिव्याचा रोपावर परिणाम होईल का? कुंडी हलली तर? हे सारे प्रश्न पेरणीच्या आधी सोडवायला हवेत, कारण चुकले तर पुन्हा महिनाभर थांबणे आले.

नेरूळचा तलाव: एक उदाहरण

आता आपल्या काळातले व आपल्या जवळचे उदाहरण घेऊ. समजा, नवी मुंबईतील एका शाळेच्या नववीच्या मुलामुलींनी रोहित पक्ष्यांवर, म्हणजेच फ्लेमिंगोंवर, माहितीपट काढायचे ठरवले आहे. विषय दारातलाच आहे. ठाणे खाडीच्या दलदलीत हिवाळ्यापासून पावसाळा येईपर्यंत हे पक्षी मोठ्या संख्येने राहतात. त्यांची संख्या लाखावर गेल्याच्याही नोंदी आहेत. २०१५ साली खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला.

ओहोटीच्या वेळी खाडीतला चिखल उघडा पडतो, तेव्हा रोहित तेथे चरतात. भरती आली, की चिखल पाण्याखाली जातो. मग थवेच्या थवे उठतात आणि किनाऱ्यालगतच्या उथळ तलावांत विसावा घेतात. नेरूळचा ‘डीपीएस तलाव’ अशा विसाव्याच्या जागांपैकी एक. २०२४ च्या एप्रिल महिन्यात हा तलाव कोरडा पडल्याच्या व त्या परिसरात काही रोहित मृत आढळल्याच्या बातम्या आल्या. खाडीचे पाणी तलावात येण्याचे मार्ग बुजले, असे पर्यावरण कार्यकर्त्यांचे म्हणणे होते.

आपल्या विद्यार्थ्यांनी हाच मुख्य प्रसंग निवडला: भरती येते, पक्षी उडतात आणि तलावावर उतरतात. तीन ओळींत सांगून झाले. वाटते, की जाऊन टिपले की काम फत्ते! पण त्यांच्या बाईंनी सांगितले, ‘आधी सहा चौकटी काढून आणा.’ कागद घेऊन बसल्यावर काय काय होते ते पाहा.

पहिली चौकट: ओहोटी, चिखलात चरणारा थवा. कॅमेरा कोठे? नवी मुंबई खाडीच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. तेथून खाडीकडे पाहिले म्हणजे तोंड पश्चिमेला. संध्याकाळी गेलो तर सूर्य समोर, आणि गुलाबी पक्षी काळ्या आकृत्या दिसणार. सकाळी सूर्य पाठीशी असतो, तेव्हा रंग दिसेल. म्हणजे सकाळच्या वेळी ओहोटी असलेला दिवस शोधला पाहिजे. पहिल्याच चौकटीने भरती-ओहोटीचे कोष्टक उघडायला लावले!

दुसरी चौकट: एका पक्ष्याचे समीपचित्र. मुले बदकासारखी चोच काढतात आणि अडतात. रोहित डोके उलटे करून चरतो. चोचीचा वरचा भाग खाली येतो, जीभ पंपाच्या दट्ट्यासारखी पाणी आत-बाहेर करते आणि चोचीच्या कडेच्या झालरीत सूक्ष्म शैवाल व बारीक जीव अडकतात. ह्या अन्नातील कॅरोटिनॉइड द्रव्यांमुळेच पिसांना गुलाबी रंग येतो. पिल्ले करड्या रंगाची असतात. पाय काढतानाही असेच होते. गुडघा उलटा वळतो असे वाटते, पण तो गुडघा नव्हे, घोटा असतो. खरा गुडघा वर पिसांत झाकलेला असतो. हे पुस्तकात अनेकदा वाचलेले असते, पण पेन्सिल टेकवल्याशिवाय ते आपल्याला समजले आहे की नाही, हे कळत नाही.

तिसरी चौकट: पाणी चढताना दाखवायचे. काठावरून दिसणारा एखादा खांब निवडायचा आणि कॅमेरा तिपाईवर ठेवून पाणी त्यावर कसे चढते ते टिपायचे. ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण ६ तास १२ मिनिटे लागतात. ती दहा सेकंदांत दाखवायची. आज चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे असतात. म्हणजे २४० चित्रे. ६ तास १२ मिनिटांचे सेकंद झाले २२,३२०. त्याला २४० ने भागले की ९३. दर ९३ सेकंदांनी, म्हणजे सुमारे दीड मिनिटाने, एक चित्र! फाळक्यांच्या वाटाण्याचे गणित खाडीवरही चालते.

चौथी चौकट: थवा उडतो. कोणत्या दिशेला? खाडी डावीकडे व तलाव उजवीकडे, असे एकदा ठरवले, की पुढच्या प्रत्येक चौकटीत तसेच ठेवायला हवे. चित्रपटवाल्यांचा हा जुना नियम आहे: कॅमेरा एका काल्पनिक रेषेच्या एकाच बाजूला ठेवायचा. आपल्या विषयात तो मोडला तर नुसते दिसायला वाईट होत नाही, माहितीच चुकते. एका शॉटमध्ये पाणी डावीकडून उजवीकडे वाहिले आणि पुढच्या शॉटमध्ये उजवीकडून डावीकडे, तर प्रेक्षक समजेल की ओहोटी सुरू झाली.

पाचवी चौकट: खाडीचे पाणी तलावात शिरते. आणि येथे पेन्सिल थांबते! पाणी नेमके कोठून शिरते? उघड्या नाल्यातून, की बांधाखालच्या मोरीतून? मोरी असेल तर तिचे तोंड किती रुंद? निवेदनात ‘पाण्याचे मार्ग’ असे दोन शब्द लिहून मोकळे होता आले असते. चौकट मात्र रिकामी राहते. ती भरण्यासाठी बाहेर पडावे लागते, नकाशा पाहावा लागतो, शिक्षकांबरोबर बांधावरून चालावे लागते, त्या भागातल्या कोळी बांधवांना विचारावे लागते.

त्यांना विचारले, तर आणखी एक गोष्ट कळेल. सगळ्या भरत्या सारख्या नसतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, पाणी खूप चढते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, पाणी बेताचेच चढते. उधाणाच्या भरतीला जेथे पाणी पोहोचते, तेथे ते भांगाच्या भरतीला कदाचित पोहोचणारच नाही. आपण नेमके भांगाच्या दिवशी गेलो आणि ‘पाहा, भरती असूनही तलावात पाणी नाही’ असे दाखवले, तर ते चित्र खरे असूनही आपले विधान खोटे ठरेल. म्हणून ह्या चौकटीखाली वेळेबरोबर तिथीही लिहायला हवी, आणि दोन्ही वेळा त्याच जागेवरून, त्याच कोनातून चित्रे घ्यायला हवीत. एक घटक बदलायचा व बाकीचे कायम ठेवायचे, हा प्रयोगशाळेतला नियमच झाला.

सहावी चौकट, तलावात एका पायावर उभे राहिलेले रोहित, ही मग सोपी आहे.

दोन चित्रांमधले ‘म्हणून’

स्टोरीबोर्डाचा मी एवढा आग्रह धरतो, त्याचे मोठे कारण अजून सांगायचे आहे. सुमारे १९२० च्या सुमारास लेव्ह कुलेशोव ह्या रशियन दिग्दर्शकाने एक प्रयोग केला. एका नटाचा तोच निर्विकार चेहरा त्याने वेगवेगळ्या चित्रांना जोडून दाखवला. कधी अन्नाच्या थाळीला, कधी शवपेटीला. प्रेक्षकांना त्या चेहऱ्यावर कधी भूक दिसली, कधी शोक. चेहरा तर एकच होता! दोन चित्रे शेजारी आली, की त्यांच्यामध्ये संबंध आहे असे आपले मन धरून चालते. त्यांच्यामध्ये न बोललेला एक शब्द येऊन बसतो: ‘म्हणून’.

कथापटात हे सामर्थ्य आहे. विज्ञानपटात तो धोका आहे. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपर परिसरात मुंबईला उतरणाऱ्या एका विमानाची रोहितांच्या थव्याला धडक बसली व तीसहून अधिक पक्षी मेले. आता कोरडा तलाव, विमान आणि मृत पक्षी अशा तीन चौकटी ओळीने लावा. एकही शब्द न उच्चारता आपण म्हटले, की तलाव कोरडा पडला, म्हणून थवा तिकडे गेला, म्हणून पक्षी मेले. तसे असेलही. परंतु तीन चित्रे शेजारी ठेवल्याने ते सिद्ध होत नाही. तो थवा कोठून निघाला होता, कोठे चालला होता, एरवीही तो त्याच वाटेने जातो का, ह्याचा पुरावा हवा. पुरावा नसेल, तर मध्ये एक चौकट घालून ‘ह्याचे कारण अजून शोधायचे आहे’ असे स्पष्ट म्हणायला हवे.

वाक्यातले ‘म्हणून’ शिक्षकांना वहीत दिसते आणि ते लाल शाईने विचारतात, ‘कशावरून?’ चित्रपटातले ‘म्हणून’ कोणालाच दिसत नाही. संगीताच्या लाटेवर ते निघून जाते. ते पकडण्याची जागा एकच, स्टोरीबोर्ड. तेथे चौकटी समोर स्थिर असतात, त्यांच्यामधल्या रिकाम्या जागेवर बोट ठेवता येते आणि वर्गातल्या कोणालाही विचारता येते, ‘ह्या दोन चित्रांमध्ये “म्हणून” आहे, की नुसतेच “आणि नंतर”?’ पक्ष्यांच्या बाजूने उभे राहायचे असेल, तर हे अधिकच जरुरीचे आहे. एक दुवा कच्चा निघाला, तर विरोधक साऱ्या माहितीपटालाच खोटा ठरवतात आणि त्याची किंमत पक्षी मोजतात.

काही आक्षेप

‘आम्हाला चित्रे काढता येत नाहीत’ हा पहिला आक्षेप. काड्यांची माणसे, वर्तुळाचे डोके आणि बाणाने दाखवलेली हालचाल एवढे पुरते. स्टोरीबोर्ड ही चित्रकलेची परीक्षा नाही. उलट फार सुबक चित्र काढले, की ते बदलावेसे वाटत नाही आणि तेथेच घात होतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ‘पक्षी आपल्या चौकटीप्रमाणे थोडेच वागणार? सगळे आधी ठरवले, तर अनपेक्षित ते निसटेल.’ माझा अनुभव ह्याउलट आहे. काय घडेल ह्याची कल्पना ज्याच्या मनात असते, त्यालाच वेगळे काही घडले तर ते जाणवते. भरती पूर्ण भरूनही थवा उठला नाही, तर स्टोरीबोर्ड काढलेला विद्यार्थी चमकेल आणि का उठला नाही ते शोधू लागेल. न काढलेला विद्यार्थी पुढचा शॉट घ्यायला जाईल. स्टोरीबोर्ड हे आपले गृहीतक आहे. ते चुकले, तर चौकट बदलावी. मात्र जुनी चौकट खोडू नये. तिच्यावर एक काट मारून शेजारी नवी काढावी व खाली तारीख घालावी. प्रयोगवहीत आपण चुकलेले वाचन खोडून टाकत नाही, तसेच हे. खोडरबर नसलेले बरे, असे वर म्हटले ते ह्यासाठी.

तिसरा आक्षेप वेळेचा. सहा चौकटींना दोन तासिका लागतात. त्या वाचवल्या, तर खाडीवर तीन सकाळी फुकट जातात. शिवाय काय टिपायचे ते ठाऊक असले, की पक्ष्यांच्या जवळ जाऊन त्यांना उडवावे लागत नाही आणि चिखलात उतरण्याचा धोकाही टळतो.

शाळांनी काय करावे?

शिक्षकांना माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, विज्ञान प्रदर्शनात माहितीपटाबरोबर त्याचा मूळ स्टोरीबोर्ड, काटाकूट केलेल्या चौकटींसह, भिंतीवर लावावा. परीक्षकांनी आधी तो पाहावा व मग पडद्याकडे वळावे. दुसरी, हे काम एकट्या विज्ञान शिक्षकांवर टाकू नये. कॅमेऱ्याचा कोन व प्रकाश चित्रकला शिक्षकांना कळतो, भरतीची तिथी भूगोलाच्या शिक्षकांना सांगता येते, आणि निवेदनातले फाजील शब्द भाषेच्या शिक्षकांनी कापावेत. तिसरी सूचना सर्वांत महत्त्वाची. ज्या शाळेत कॅमेरा नाही, तिपाई नाही, मुलांकडे चांगले मोबाइल नाहीत, त्या शाळांनाही केवळ स्टोरीबोर्ड घेऊन स्पर्धेत उतरू द्यावे. आज बक्षिसे पुष्कळदा चांगल्या कॅमेऱ्याला मिळतात. कागद मात्र नेरूळच्या मुलांना व गडचिरोलीच्या मुलांना सारखाच मिळतो.

आणि मित्रहो, तुम्ही शाळेची वाट पाहू नका. एक कोरा कागद घ्या, तीनदा घडी घाला. आठ चौकटी तयार होतील. पहिली शीर्षकासाठी, मधल्या सहा प्रसंगासाठी, आणि शेवटची जे अजून ठाऊक नाही ते लिहिण्यासाठी ठेवा. विषय खाडीचाच हवा असे नाही. गल्लीतले गटार पावसात का तुंबते, शाळेच्या नळाला दुपारी पाणी का येत नाही, असा कोणताही प्रश्न चालेल. ज्या चौकटीपाशी तुमची पेन्सिल अडेल, तेथून तुमच्या अभ्यासाला सुरुवात करा.